ॲम्ब्युलन्सवर काम करता? मग पगाराचं आधी हे बघा

कंत्राटी पॅरामेडिक, ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन), पायलट म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, सगळ्यांसाठी लिहितोय. जॉइन होताना 'हातात किती' एवढंच विचारू नका, अपॉइंटमेंट लेटर घ्या, त्यात पद नीट लिहिलंय का बघा, 'हेल्पर' लिहिलं असेल तर तिथंच बदलून मागा कारण पुढं अनुभवाच्या दाखल्यात तेच येतं. मला पहिल्या नोकरीत 'अटेंडंट' लिहून दिलं होतं, रात्रभर सीपीआर मी देत होतो, ते पुसायला दोन वर्षं गेली.

मग सॅलरी स्लिप. बेसिकच्या १२ टक्के पीएफ कापला जातो, तेवढाच मालकानं भरायचा, तो खरंच जमा होतोय का ते सरकारी उमंग ॲपवर यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, टाकून दर महिन्याला बघाच. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, त्यात तुमच्याकडून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५. स्लिपवर पीएफची कपात आणि पीएफच्या पासबुकात शून्य असं दिसलं तर स्क्रीनशॉट ठेवून पीएफ ऑफिसला लेखी तक्रार करा, तोंडी बोलून काही होत नाही.

ड्युटीचे तास स्वतःच्या वहीत लिहा, कॉल कधी आला, गाडी कधी परतली सगळं. ओव्हरटाइम मागताना हीच वही कामाला येते. ठेकेदारानं पगार थकवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्यानं ठेका दिला त्याच्यावर येते, म्हणून अर्जाची प्रत दोघांनाही द्या आणि पोच घ्या.

आणि २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर (डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य कर्मचारी) कायद्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, हे नाव आहे बरं का. कोर्स निवडताना तो या कायद्यात बसतो का हे आधी विचारा, मगच फी भरा.