पक्षाघातानंतर पाण्यातील व्यायाम कसा सुरू करावा

पक्षाघाताच्या झटक्यातून सावरताना चालण्याच्या सरावात स्नायूंच्या अशक्तपणाइतकाच पडण्याच्या भीतीचाही अडथळा होतो. बाधित पायावर भार टाकायला मन धजत नाही, सगळे वजन चांगल्या पायावर पेलले जाते आणि ज्या पायाला सरावाची खरी गरज असते त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो. पाण्यात उभे राहिल्यावर ही अडचण बरीच सैल होते. पाणी शरीराला वर उचलून धरते त्या प्लावक बलामुळे कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण निम्मा भार येतो आणि छातीइतक्या पाण्यात तो सुमारे एक-तृतीयांशावर येतो. शिवाय तोल गेला तरी शरीर पाण्यात सावकाश कलते, त्यामुळे पाऊल टाकून सावरायला अवधी मिळतो. पाण्यातील व्यायामाचा सर्वांत मोठा लाभ हा अवधीच आहे, आणि पुढील सर्व पायऱ्या तो नीट वापरता यावा या हेतूने सांगितल्या आहेत.

१. आधी डॉक्टरांची संमती घ्यावी

प्रकृती स्थिर झाल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना स्पष्ट विचारावे. ताप, उघडी जखम, त्वचेचा किंवा लघवीचा संसर्ग, आटोक्यात नसलेला रक्तदाब, विश्रांतीतही छातीत दुखणे, वारंवार येणारे फिट्स किंवा लघवी-शौचावर ताबा नसणे यांपैकी काही असेल, तर पाण्यात उतरू नये. श्वासनलिकेला छिद्र केलेले असल्यास हा उपचार टाळावा. गिळताना ठसका लागत असेल, तर ती गोष्ट आवर्जून सांगावी, कारण तोंडात गेलेले थोडे पाणीही अशा व्यक्तीच्या फुप्फुसात उतरू शकते. हृदय कमकुवत असल्यासही विशेष विचार करावा लागतो. मानेपर्यंत पाण्यात उभे राहिल्यावर पाण्याच्या दाबामुळे पायांतले आणि पोटातले बरेचसे रक्त छातीकडे सरकते आणि हृदयाचे काम वाढते.

२. पाणी कसे असावे

उपचारासाठीच्या तलावातील पाणी साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ठेवतात. पोहण्याच्या सामान्य तलावाचे पाणी याहून बरेच गार असते, आणि गारव्याने बाधित हातापायांचा ताठरपणा वाढतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. याउलट फार गरम पाण्याने लवकर थकवा येतो आणि रक्तदाब घसरू शकतो. बाधित बाजूला तापमान नीट कळत नसल्यास पाण्याचा अंदाज नेहमी चांगल्या हाताने घ्यावा.

पाणी छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत यावे. त्याहून खोल गेल्यास पावले तळावर टिकत नाहीत आणि कमजोर पाय तरंगू लागतो. उतरण्यासाठी उतार, कठडा असलेल्या रुंद पायऱ्या किंवा खुर्ची-लिफ्ट हवी. उभ्या शिडीवर अवलंबून राहू नये. तळव्याची संवेदना कमी असेल तर खरचटलेलेही समजत नाही, म्हणून न घसरणारे पाण्यातील बूट घालावेत.

३. काठावरची काळजी

माझ्या मते या उपचारात सर्वाधिक दक्षता पाण्याबाहेरच्या चार-पाच पावलांवर हवी. ओली फरशी, अनवाणी पाय आणि काढून ठेवलेली काठी किंवा घोट्याचा आधारपट्टा यांमुळे पडण्याचा धोका तिथेच सर्वांत जास्त असतो. कपडे बदलण्याच्या जागेपासून पाण्याच्या कडेपर्यंत चाकाची खुर्ची वापरण्यात कसलाही कमीपणा नाही.

सोबतच्या व्यक्तीने बाधित बाजूला, किंचित मागे उभे राहावे आणि आधार कमरेला किंवा कमरेच्या पट्ट्याला द्यावा. बाधित हात धरून ओढणे किंवा बगलेत हात घालून उचलणे कटाक्षाने टाळावे, कारण पक्षाघातानंतर खांद्याचा सांधा सैल होऊन खाली सरकलेला असू शकतो आणि एका हिसक्याने महिनोन्‌महिने टिकणारे दुखणे मागे लागते. बोलण्यास अडचण असेल, तर ‘थांबा’ आणि ‘दुखते आहे’ यांसाठी हाताच्या खुणा आधीच ठरवाव्यात.

४. पहिला दिवस फक्त उभे राहण्याचा

पहिल्या वेळी दहा ते पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. कठडा धरून उभे राहावे, छातीवरचा पाण्याचा दाब ओळखीचा होऊ द्यावा आणि संथ श्वास घ्यावा. पाणी तोंडाजवळ आले की श्वास आत न ओढता फुंकर मारून बाहेर सोडायची सवय लावावी. गिळण्याचा त्रास असलेल्यांनी मात्र चेहरा पाण्याजवळ नेऊच नये. १९४९ मध्ये जेम्स मॅकमिलन यांनी लंडनमध्ये विकसित केलेल्या हॅलिविक या अपंगांना पोहणे शिकवण्याच्या पद्धतीत श्वासावरील ताबा आणि पाण्याशी मनाचे जुळणे यांना सुरुवातीचे स्थान आहे. पाण्याला घाबरलेले शरीर आखडते, आणि आखडलेल्या शरीराकडून तोलाचा सराव होत नाही.

पाठीवर तरंगण्याची घाई करू नये. शरीराच्या दोन बाजू सारख्या नसल्याने ते एका कुशीवर वळू पाहते. हनुवटी छातीकडे आणून, गुडघे दुमडून आणि हात पुढे नेऊन पुन्हा उभे कसे राहायचे, हे थेरपिस्टकडून आधी शिकून घ्यावे.

५. मुख्य सराव

सुरुवात भार सरकवण्याने करावी. पावले खांद्याइतकी दूर ठेवून वजन चांगल्या पायावरून बाधित पायावर न्यावे, मनात तीनपर्यंत मोजावे आणि परत आणावे. असे आठ-दहा वेळा केल्यावर चांगला पाय क्षणभर तळापासून उचलून पाहावा. तेवढ्या क्षणी सगळा भार बाधित पायावर असतो, आणि जमिनीवर ज्याची धास्ती वाटते तेच इथे धीराने करता येते.

त्यानंतर कठड्याच्या कडेने आडवी पावले, मग पुढे आणि शेवटी मागे चालावे. पुढे चालताना बाधित गुडघा मुद्दाम उचलावा आणि टाच आधी टेकवावी. गुडघा मागे झटका देऊन ताठ होत असेल, तर वेग कमी करावा. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला की विरोध साधारण चौपट होतो. त्यामुळे वजने न बांधताही वेग बदलून व्यायाम सोपा किंवा अवघड करता येतो. सराव बसल्यावर थेरपिस्ट शेजारी हाताने पाणी ढवळतात आणि त्या लाटांमध्ये रुग्णाने स्थिर उभे राहायचे असते. पाण्यातल्या पायरीवर किंवा बाकावर बसून उठण्याचा सराव घरी खुर्चीवरून उठताना थेट उपयोगी पडतो.

हातासाठी खांदे पाण्याखाली राहतील इतके वाकावे, चांगल्या हाताने बाधित हाताला आधार द्यावा आणि दोन्ही हात पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतच सावकाश वर येऊ द्यावेत. दुखू लागल्यास तिथेच थांबावे.

६. किती करावे, केव्हा थांबावे

आठवड्यातून दोन-तीन वेळा करून वेळ हळूहळू तीस ते पंचेचाळीस मिनिटांपर्यंत न्यावा. पाण्यात नाडीची गती तेवढ्याच श्रमाला जमिनीपेक्षा कमी राहू शकते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही ती कमी ठेवतात, म्हणून केवळ नाडीवर विसंबू नये. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता यावे, एवढेच श्रम असावेत. चक्कर, छातीत दुखणे किंवा धाप लागल्यास तत्काळ बाहेर यावे. तोंड वाकडे होणे, हाताची शक्ती एकाएकी जाणे किंवा बोलणे अडखळणे ही नव्या झटक्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी विश्रांती घेऊन वाट न पाहता लगेच रुग्णवाहिका बोलवावी.

७. बाहेर येताना आणि त्यानंतर

पाण्याचा दाब सुटताच रक्त पायांकडे उतरते आणि शरीराचे पूर्ण वजनही परत येते, त्यामुळे पाय जड वाटून भोवळ येऊ शकते. प्रत्येक पायरीवर थोडे थांबावे, काठावर काही मिनिटे बसावे आणि मगच उभे राहावे. पाण्यात राहिल्याने लघवीचे प्रमाण वाढते, म्हणून पाणी प्यावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास अंगावर नवे काळेनिळे डाग उमटले आहेत का, हे पाहावे.

पाण्यात चालणे सुधारले म्हणजे जमिनीवरचे आपोआप सुधारेल, असे धरून चालू नये, कारण तिथे वजन पूर्ण असते आणि सावरायला तेवढा अवधी नसतो. विश्रांती झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, भक्कम टेबलाला हात टेकवून आणि बाधित बाजूला कोणाला तरी उभे करून भार सरकवण्याचा तोच सराव घरी करावा. आदल्या दिवशी पाण्यात बाधित पायावर जेवढे आकडे मोजता आले, त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करावी.