गल्ली मोजणारे आणि गल्लीत राहणारे: जुन्या पेठांच्या नियोजनात नव्याने येणाऱ्यांसाठी

नगर नियोजन शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी नागरिकांच्या सहभागाविषयी आस्थेने बोलतात. पण पुण्याच्या पेठांमध्ये हे काम करायचे तर हा सहभाग कायद्यात कोठे आणि केव्हा मोजला जातो, हे आधी समजून घ्यावे लागते. मी या शहरात अनेक वर्षे रहिवाशांच्या बाजूने आराखडे वाचण्याचे, हरकती लिहिण्याचे आणि सुनावणीला उभे राहण्याचे काम करत आलो आहे. या अनुभवातून झालेले माझे ठाम मत असे, की हरकतीची मुदत सुरू होते तेव्हा निम्मी वेळ निघून गेलेली असते. खरे काम नकाशा प्रसिद्ध होण्याच्या आधी गल्लीत उतरून करायचे असते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा या क्षेत्राचा पाया आहे आणि तो मूळ कलमांसकट वाचावा. प्रारूप विकास आराखडा तयार करण्याआधी विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण होऊन त्याचा नकाशा तयार होतो. पुढे कलम २६ प्रमाणे प्रारूप प्रसिद्ध होऊन हरकती व सूचना मागवल्या जातात. त्यासाठी आता साधारण ३० दिवस मिळतात. कलम २८ अन्वये नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे ३ सदस्य आणि बाहेरचे कमाल ४ तज्ज्ञ असतात. अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते. मंजूर आराखड्यात नंतर किरकोळ फेरबदल करायचा झाल्यास कलम ३७ ची वेगळी वाट आहे, आणि त्या वेळीही जाहीर सूचना निघते. या सूचना वृत्तपत्राच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत येतात, त्यामुळे त्या रोज पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

या प्रक्रियेचा भार किती असतो, हे पुण्याने अनुभवले आहे. महापालिकेच्या जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचे प्रारूप २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या. २०१५ मध्ये राज्य शासनाने तो आराखडा स्वतःच्या हाती घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. इतक्या अर्जांच्या ढिगात एका गल्लीचे म्हणणे ऐकले जावे असे वाटत असेल, तर ते म्हणणे समितीला निर्णय देता येईल अशा रूपात मांडलेले असले पाहिजे. ‘आमच्या भागावर अन्याय होत आहे’ या वाक्यावर कोणतीही समिती काही करू शकत नाही. त्याऐवजी पेठेचे नाव, सिटी सर्व्हे क्रमांक, आराखड्याच्या नकाशाचा क्रमांक, प्रस्तावित आरक्षण (सार्वजनिक वापरासाठी राखलेली जागा) किंवा रस्त्याची रुंदी, प्रत्यक्ष जागेवर आज काय आहे आणि नेमका कोणता बदल हवा, एवढे एका पानात बसवावे. सोबत मिळकत पत्रिकेचा उतारा आणि जागेचे छायाचित्र जोडावे. सुनावणीत काही मिनिटेच मिळतात आणि समोरचा सदस्य पहिला प्रश्न बहुधा सर्व्हे क्रमांकाचाच विचारतो, म्हणून तो तोंडपाठ असावा.

पेठांतील रस्त्यांचा प्रश्न मात्र कागदापेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे, आणि नवख्या माणसाने सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. २०२० मध्ये ६ मीटर रुंदीचे ३२३ रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव पुण्यात पुढे आला. त्यामागचे मुख्य कारण बांधकामाचे होते: ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या इमारतीला टीडीआर (दिलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा आणि दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क) वापरता येत नव्हता, त्यामुळे जुन्या वाड्यांचा आणि इमारतींचा पुनर्विकास परवडत नव्हता. म्हणजे रस्त्याची रेषा सरकते तेव्हा इमारतीची उंचीही सरकते, आणि उंचीबरोबर त्या गल्लीतली माणसे, गाड्या, पाण्याची मागणी आणि सांडपाणी वाढते. रस्तारुंदीचा कोणताही प्रस्ताव हाती आला, की तो वाहतुकीसाठी आहे की बांधकामासाठी, हे आधी शोधून काढावे, कारण हरकतीचा सगळा युक्तिवाद त्यावर ठरतो.

आता हीच रेषा जमिनीवर काय करते ते पाहा. सहा मीटरच्या गल्लीचे नऊ मीटर करताना दोन्ही बाजूंनी सारखी जागा घेतली, तर प्रत्येक बाजूचे दीड मीटर जाते. शुक्रवार पेठेतल्या किंवा रविवार पेठेतल्या जुन्या गाळ्याची खोली कित्येकदा तीन-साडेतीन मीटरच असते. म्हणजे गल्ला, वजनकाटा आणि गिऱ्हाईक उभे राहण्याची जागा एवढे सगळे रस्त्यात जाते, आणि मागे उरते ती फक्त फळ्यांची भिंत. मोबदला एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात परवानगी असलेले बांधकाम) किंवा टीडीआरच्या रूपाने जमीनमालकाला मिळतो. पागडीवर दुकान चालवणारा माणूस त्या हिशेबात सहजी येत नाही. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला त्याच जागी पक्के घर हवे असते, म्हणून तो रुंदीकरणाच्या बाजूने असू शकतो, आणि त्याची बाजूही तितकीच खरी असते. ‘रहिवाशांचे म्हणणे’ असे एकच म्हणणे पेठेत नसते. एखाद्या मंडळाच्या कार्यालयात बैठक घेऊन सह्या गोळा करणे सोपे आहे, पण अशा बैठकीला मालक आणि निवृत्त पुरुष येतात. कामावर गेलेल्या बायका, भाडेकरू आणि दुकानातली नोकर मंडळी येत नाहीत. त्यांच्यासाठी सकाळी दुधाच्या वेळी आणि रात्री दुकाने बंद होताना पुन्हा गल्लीत जावे लागते.

हातगाडीवाले आणि पथारीवाले यांना बहुतेक रहिवासी अडथळा म्हणतात. कायदा तसे म्हणत नाही. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. तुळशीबाग किंवा मंडईच्या परिसराचा रस्ता आराखडा करताना त्यांना वगळून घेतलेली संमती टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोबत नेण्यासाठी सिटी सर्व्हेच्या नकाशाची प्रत, फीत आणि जाड पेन्सिल पुरते. नकाशावर लोकांना स्वतःच्या हाताने खुणा करू द्याव्यात: नळकोंडाळे कोठे आहे, गणपतीचा मांडव कोठे पडतो, रुग्णवाहिका कोणत्या वळणावर अडते, शाळेची मुले कोठून रस्ता ओलांडतात. अशी माहिती विद्यमान वापराच्या सर्वेक्षणात नोंदली गेली, तर पुढे हरकतीची गरजच कमी होते. सर्वेक्षण चालू असताना क्षेत्रीय कार्यालयात लेखी निवेदन देऊन त्याची पोच घ्यावी. मोहल्ला समितीच्या बैठकीतही तोच मुद्दा मांडावा.

लहान कामांसाठी आराखड्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नागरिकांनी सुचवलेली पदपथ, दिवे, बाक यांसारखी कामे अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत पुणे महापालिकेने २००६ मध्ये सुरू केली. शहराची पादचारी धोरणाची आणि रस्ते रचनेची मार्गदर्शक तत्त्वेही २०१६ पासून उपलब्ध आहेत. पदपथाविषयी निवेदन करताना त्यांचाच आधार द्यावा. ११ डिसेंबरच्या पादचारी दिनी २०२१ पासून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवला जातो. त्या दिवशी दुकानदारांशी विक्रीविषयी बोलावे, कारण वाहनबंदीने धंदा बुडतो की वाढतो या वादात प्रत्यक्ष दिवसाची माहिती उपयोगी पडते.

नोकरीच्या दृष्टीने पाहिल्यास सीओईपीसारख्या संस्थेतील नियोजनाची पदवी, लोकसेवा आयोगामार्फत भरली जाणारी सहायक नगर रचनाकाराची पदे, खासगी सल्लागार आणि स्वयंसेवी संस्था असे मार्ग खुले आहेत. नगर रचना संचालनालयाचे मुख्य कार्यालय पुण्यातच आहे, ही येथे शिकणाऱ्यांची मोठी सोय आहे. शासकीय बाजूला जाणाऱ्याने आधी वर्षभर तरी एखाद्या वस्तीसाठी हरकती लिहाव्यात, असे मी आग्रहाने सांगतो. नकाशावर रेषा ओढण्याआधी त्या रेषेवर आलेले अर्ज वाचलेले असावेत.

सुनावणी झाल्यावर काम थांबत नाही. शासनाने मंजूर केलेला नकाशा हाती आला, की आपल्या प्रत्येक हरकतीपुढे काय निर्णय झाला ते तपासून गल्लीतल्या अर्जदारांना ते लेखी कळवावे. आरक्षण कायम राहिले असेल, तर त्याची तारीखही कळवावी, कारण १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर जमीनमालकाला कलम १२७ खाली नोटीस देता येते, आणि तोपर्यंत मूळ अर्ज कोणाच्या कपाटात आहे हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते.