अमेरिकेत साडेतीन टक्क्यांची इंग्लिश एल शोधायची तर

वाळूजच्या एका ब्रुअरीत मी क्वालिटी लॅबमध्ये नोकरी केली. शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं, आणि सकाळचं पहिलं काम म्हणजे टाक्यांमधलं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली मोजणं. आमच्याकडे बनायची ती बहुतेक स्ट्राँग लागर. ती जाणारही होती तशाच गिऱ्हाइकाकडे, परमिट रूममध्ये नाहीतर बिअर शॉपीत. त्यामुळे संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेडची ओळखीची माणसं अमेरिकेला निघाली की मला विचारतात, तिकडे काय प्यावं? मी सांगते, इंग्लिश पद्धतीची साडेतीन-चार टक्के अल्कोहोलची एल शोधा. एल म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानाला आंबवलेली बिअर. अमेरिकेत ती बनते आणि चांगली बनते. फक्त दुकानाच्या फ्रिजमध्ये ती जवळजवळ दिसत नाही. ही बिअर जिथे बनते तिथेच, ताजी असताना प्यायची. म्हणजे बाटली शोधत बसण्यापेक्षा ब्रुअरी शोधायची.

आधी कोणत्या नावांच्या मागे जायचं ते. 'डार्क माइल्ड' म्हणजे गडद तपकिरी, कडवटपणा कमी, साधारण ३ ते ३.८ टक्के. 'ऑर्डिनरी बिटर' ३.२ ते ३.८, 'बेस्ट बिटर' ३.८ ते ४.६. 'स्कॉटिश लाइट' तर अडीच टक्क्यांपासून सुरू होते, पण अमेरिकेत ती क्वचित भेटते. 'बिटर' या नावाला घाबरू नका. ज्यांना अमेरिकन आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची (कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची) एल, कडू लागते त्यांनासुद्धा बेस्ट बिटर आवडते, कारण तिच्यात माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, बिस्किटासारखा वास पुढे असतो आणि कडवटपणा मागून येतो.

आपल्या हिशेबात सांगायचं तर, इथली आठ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बाटली म्हणजे पोटात ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. अमेरिकन पाइंट ४७३ मिलीचा असतो. साडेतीन टक्क्यांच्या माइल्डच्या एका पाइंटमध्ये साडेसोळा मिली होतं. तीन पाइंट प्यायल्यावरही तुम्ही त्या एका बाटलीच्या खालीच असता. दोन-तीन तास गप्पा मारत बसायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे.

मला ही बिअर एवढी का आवडते, तेही सांगते, कारण ते कळलं तर शोधणं सोपं जातं. जास्त दारूच्या बिअरमध्ये अल्कोहोलची गरमी आणि गोडी बरेच दोष झाकते. साडेतीन टक्क्यांत काही झाकता येत नाही. साध्या वरणात डाळ कच्ची राहिली की पहिल्या घासाला कळतं, तसंच हे. माल्ट कमी, तरी तोंडात पाणचट लागता कामा नये. त्यासाठी ब्रुअर मॅशचं, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचं, तापमान मुद्दाम वर, ६७-६८ अंशांच्या आसपास किंवा थोडं अधिक ठेवतो, म्हणजे यीस्टला न खाता येणारी साखर जास्त उरते आणि बिअरला अंग येतं. वर थोडा क्रिस्टल माल्ट, तळाला मॅरिस ऑटरसारखं इंग्लिश जव, फगल किंवा ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंग्लिश एल यीस्ट. ते साखर पूर्ण खात नाही, लवकर गोळा होऊन खाली बसतं आणि पिकल्या फळाचा हलका वास मागे सोडतं. हा वास नसेल तर गडद रंगाची, कमी दारूची बिअर मिळाली असं म्हणता येईल, माइल्ड मिळाली असं मी म्हणणार नाही.

ही बिअर इतकी हलकी झाली ती टंचाईतून. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धान्य अपुरं पडलं, सरकारने निर्बंध घातले, कर वाढवले, आणि बिअरचा जोर उतरला तो पुन्हा पहिल्यासारखा चढला नाही. तिथल्या ब्रुअरांनी मग थोड्या माल्टमधून चव काढायची कला कमावली. २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आमच्या भागातल्या मद्य कारखान्यांचं पाणी निम्मं आणि पुढे त्याहून जास्त कापायला लावलं. जायकवाडी तेव्हा कोरडी पडत आली होती आणि लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. तेव्हापासून टंचाईत घडलेल्या या बिअरकडे मी जास्त आदराने पाहते.

आता शोधायचं कसं. अनटॅप्ड नावाचं ॲप फोनवर घ्या. त्यात बिअरच्या प्रकाराप्रमाणे शोधता येतं, आणि 'माइल्ड – डार्क', 'बिटर – सेशन', 'बिटर – बेस्ट' असे वेगळे प्रकार दिलेले आहेत. तुम्ही उतरलात त्या गावाजवळची नावं काढा आणि मग एकच गोष्ट पाहा: त्या बिअरची शेवटची नोंद कधीची आहे. आठवड्यातली असेल तर बिअर नळावर आहे असं धरायला हरकत नाही. सहा महिन्यांपूर्वीची असेल तर ती एकदाच बनवली आणि संपली. गुण किती दिलेत हे बघू नका. तिथे भरमसाट हॉप्सच्या आणि दहा-बारा टक्क्यांच्या बिअरना लोक भरभरून गुण देतात, आणि उत्तम माइल्ड पाचपैकी साडेतीन गुणांच्या आसपास पडून असते. त्यानंतर ब्रुअरीच्या स्वतःच्या साइटवर त्या दिवसाची टॅप लिस्ट, म्हणजे नळावरच्या बिअरची यादी, पाहा. ब्रुअर्स असोसिएशन या त्यांच्या संघटनेच्या साइटवर जवळच्या ब्रुअऱ्या नकाशावर सापडतात. तिथून लहान, शेजारपाजारच्या लोकांसाठी चालणाऱ्या ब्रुअऱ्या निवडा.

मेनूवर फसवणारी नावं बरीच आहेत. 'सेशन आयपीए' चार-साडेचार टक्क्यांची असते, पण हॉप्स अमेरिकन, लिंबू-आंब्याच्या वासाचे. चांगली असू शकते, मात्र तुम्हाला हवी ती ही नव्हे. 'लाइट' म्हणून मिळते ती लागर. 'ईएसबी', म्हणजे एक्स्ट्रा स्पेशल बिटर, इंग्लिश खरी, पण अमेरिकेत ती बहुधा पाच-सहा टक्क्यांवर जाते. सगळ्यात जपायचं 'स्कॉच एल' आणि 'वी हेवी' यांना. स्कॉटिश लाइटच्या शेजारची वाटतात आणि आठ टक्क्यांची निघतात. 'नायट्रो' लिहिलेलं असेल तर तो नायट्रोजनचा मऊ फेस आहे, त्याचा कास्कशी संबंध नाही. डब्यावर टक्केवारी शोधाल तर बहुतेक लहान ब्रुअऱ्या छापतात, पण अमेरिकेच्या केंद्रीय नियमात साध्या बिअरवर ती छापण्याची सक्ती नाही, राज्याराज्यांचे नियम वेगळे. आकडा दिसला नाही तर सरळ विचारा.

कास्क हा शब्द आला, तर त्यावर थोडं थांबते. कास्कमधली बिअर गाळलेली नसते, तिच्यात जिवंत यीस्ट असतं आणि शेवटचं आंबणं त्या पिंपातच होतं. बाहेरून गॅस भरत नाहीत. बारवर लांब दांड्याचा हँडपंप असतो, तो हाताने ओढून बिअर वर येते, ११ ते १३ अंशांवर. आपल्याला 'चिल्ड'ची सवय, त्यामुळे पहिला घोट कोमट आणि बसलेला वाटेल. दोन मिनिटं थांबा. थंडीने जीभ बधिर नसते तेव्हा माल्टची चव उघडते, हे मी लॅबमधल्या चव-चाचण्यांतून खात्रीने सांगते. आम्हीसुद्धा दोष शोधायचा तर नमुना कधी फार गार ठेवत नसू.

नेहमीचं पिंप म्हणजे फर्किन, सुमारे ४१ लिटरचं. एकदा उघडलं की आत हवा शिरते आणि तीनेक दिवसांत बिअर उतरते. म्हणून फोन करून विचारा, कास्क कोणत्या वारी उघडता? बऱ्याच ठिकाणी आठवड्याचा एक वार ठरलेला असतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जा. आणखी एक विचारा, त्यात काही घातलंय का? अमेरिकेत फर्किनमध्ये कॉफी, मिरची, फळं टाकायची हौस फार आहे. घरात मासे चालत नसतील तर तिसराही प्रश्न आहे: कास्कची बिअर नितळ करायला परंपरेने आयसिंग्लास वापरतात, ते माशाच्या वाताशयापासून बनतं. काही ब्रुअऱ्या ते वापरत नाहीत, विचारलं की सांगतात.

गावांची नावं सांगते. माझी बहीण फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहते म्हणून तो भाग मला जास्त ठाऊक. या शहरात हँडपंपाची जुनी आवड आहे. १९९४ची यार्ड्‌स ब्रुअरी तिथलीच. तिची ओळख झाली ती इंग्लिश थाटाच्या एक्स्ट्रा स्पेशल एलने, पण ती सहा टक्क्यांच्या आसपास, तेव्हा तिथे टॅप लिस्टवर ब्रॉलर आहे का ते पाहा. ती ४.२ टक्क्यांची, माइल्डच्या अंगाची. शहरातून लॅन्सडेल-डॉयल्सटाउन मार्गाच्या लोकलने अँबलरला उतरलं की फॉरेस्ट अँड मेन ही ब्रुअरी आहे, २०१२ची, इंग्लिश एल मनापासून करणारी. गाडी चालवायची नसल्यामुळे ही सहल मला फार सोयीची वाटते.

सिएटलला आपली आयटीतली पोरं भरपूर. तिथे मशीन हाउस ही ब्रुअरी २०१३मध्ये सुरू झाली, आणि कास्क, माइल्ड, बिटर हीच तिची ओळख. डेन्व्हरला हॉग्जहेड, तीही कास्कवाली. ईशान्येला मेन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये गिअरीज आहे. १९८६पासूनची ही ब्रुअरी उभी राहिली ती इंग्लंडच्या रिंगवुड ब्रुअरीच्या यीस्टवर आणि तिथल्या माणसांच्या मदतीने. त्याच गावात १९८८पासूनचा ग्रिटी मॅकडफ्स हा ब्रूपब, म्हणजे आपली बिअर आपणच बनवणारा पब. बोस्टनच्या बाजूला नेरॅक्स नावाचा फक्त कास्क बिअरचा महोत्सव भरतो. तारखा जुळल्या तर इतर सगळं सोडून तिथे जा, एका छताखाली इतके कास्क अमेरिकेत क्वचितच पाहायला मिळतील. लहान ब्रुअऱ्या जागा बदलतात, बंदही होतात, तेव्हा निघण्याच्या दिवशी पुन्हा एकदा खात्री करून घ्या.

युटा राज्याची गोष्ट वेगळी. १९३३ साली दारूबंदी उठत असताना अमेरिकेने आधी ३.२ टक्क्यांच्या बिअरला परवानगी दिली. तो आकडा वजनाचा, आकारमानाने ४ टक्के होतो. बिअर मिळू लागली तो दिवस ७ एप्रिल. युटाने नळावरच्या आणि किराणा दुकानातल्या बिअरला हीच मर्यादा २०१९च्या नोव्हेंबरपर्यंत ठेवली, मग ती आकारमानाने ५ टक्के केली. इतकी वर्षं चारच्या आत चव भरायची सवय असलेले ब्रुअर तिथे आहेत. यूइंटा ब्रुअरीची कटथ्रोट पेल एल त्याच वळणाची. सॉल्ट लेक सिटीला जाणं झालं तर शोध घ्या. पण मोटार चालवणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ आहे, इतर राज्यांत ०.०८.

महिन्याचं म्हणाल तर परभणी-नांदेडचं ऊन चुकवायला आपले आईवडील एप्रिल-मेमध्ये लेकरांकडे जातात, आणि मे हाच माइल्डचा महिना. ब्रिटनमधली कॅमरा ही बिअरप्रेमींची संघटना मे महिन्यात माइल्डचा प्रचार करत आली आहे. २०१५पासून अमेरिकेतल्या काही ब्रुअऱ्यांनीही मेमध्ये माइल्ड बनवायचा पायंडा पाडला. एरवी माइल्ड न करणारी ब्रुअरी त्या महिन्यात एखादं पिंप काढते.

बारमध्ये गेल्यावर पासपोर्ट जवळ असू द्या. वय साठ असलं तरी मागतात, एकविसाची अट आहे. टेबलवर बसून वेटरची वाट पाहू नका, टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीच्याच बारमध्ये, बहुधा काउंटरवरूनच घ्यायचं असतं. इंग्रजी अडखळत असेल तर एवढं एकच वाक्य पाठ करा: 'एनिथिंग इंग्लिश, अंडर फोर पर्सेंट?' बारटेंडरचा चेहरा खुलतो. अशा बिअरवर खुद्द ब्रुअर मंडळींचं प्रेम असतं आणि ती मागणारं गिऱ्हाईक त्यांना कमी भेटतं. कितीदा तरी मला आतून ब्रुअरच भेटायला आला आणि आम्ही यीस्टवर बोलत बसलो. आधी चवीपुरतं मागून घ्या, छोटा ग्लास बहुतेक ठिकाणी देतात. हुंगा. फळाचा, भाजक्या पावाचा, टॉफीचा वास यायला हवा. व्हिनेगर किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर पिंप जुनं झालं आहे, दुसरी मागा, कोणी वाईट मानत नाही. टिप प्रत्येक ग्लासमागे एक डॉलर, किंवा बिलाच्या १५-२० टक्के. सोबत खारे शेंगदाणे असतील तर माइल्डबरोबर ते फार छान लागतात.

घरी न्यायची असेल तर साध्या नळावरची बिअर क्राउलरमध्ये भरून देतात. तो साधारण ९५० मिलीचा डबा, तिथल्या तिथे सील करून मिळतो. फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. कास्कची बिअर मात्र भरून घेऊ नका, तिच्यात मुळातच गॅस कमी, घरी पोचेपर्यंत तोही राहत नाही. ती तिथेच बसून प्या.