चढाला पिकअप ओढत नाही? इंजेक्टर खोलण्याआधी या चुका टाळा

बेळगावात भाजी भरलेली पिकअप जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात जाते आणि येताना बऱ्याचदा रिकामी येते. म्हणजे या रस्त्यावर भार उताराला असतो आणि चढाला गाडी हलकी असते. त्यामुळे इंजिनातली कमजोरी पुष्कळ दिवस लपून राहते. मग कधीतरी येताना मासळी किंवा नारळ भरले जातात, गोव्यातलं साखळी गाव मागे पडून चढ सुरू होतो आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्येही दम धरत नाही. गॅरेजमध्ये आल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘मिस्त्री, इंजेक्टर गेलाय काय बघा.’

पहिली चूक इथंच होते. इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग, पण असं पार्टचं नाव सांगू नका, लक्षण सांगा. चढाला इंजिनाचा आवाज वाढतो की दबतो? मागून धूर कसला येतो? गाडी बंद करून पुन्हा चालू केली की ताकद परत येते का? एवढं सांगितलंत तर निम्मं निदान झालं.

आवाज चढतो पण गाडी पुढं सरकत नाही आणि जळका वास येतो, तर इंजिनाला हात लावू नका. क्लच प्लेट घसरते आहे. घाटात वाहनांची रांग लागल्यावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय याच्या मुळाशी असते. तिथं हँडब्रेक ओढा.

आवाजच दबत असेल तर इंजिनाला हवा किंवा डिझेल कमी पडतंय. आता आरशात धूर बघा. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण हवा कमी आहे. इथं लोक एअर फिल्टर बदलतात आणि थांबतात. खानापूर भागातल्या तांबड्या धुळीत फिल्टर लवकर भरतो हे खरं, पण टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनाकडे जाणारा रबरी पाईप फारसं कुणी बघत नाही. हा पाईप चिरलेला असला तरी गाडी उभी असताना चांगला दिसतो, कारण आयडलिंगला त्यात दाब नसतोच. भार पडला, टर्बोनं हवा दाबली की चीर उघडते आणि हवा बाहेर जाते. म्हणून गाडी सपाट रस्त्यावर नीट आणि घाटात मेलेली. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर पाईप हातानं वाकवून बघा. खालच्या बाजूला आणि क्लिपांच्या कडेला तेलकट काळा डाग किंवा त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर हवा तिथूनच जाते. चढाला ‘फुस्स’ असा आवाज येत असेल तर शंकाच नको. टेप गुंडाळून घाट चढायचं धाडस करू नका, पाईपच बदला. टर्बोच्या बारीक व्हॅक्यूम नळ्याही याच वेळी तपासा, कारण त्या कडक होऊन तडकतात. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीनं उघडा अडकला तरी असाच काळा धूर येतो.

धूर नाही आणि ताकदही नाही, तर बहुतेक डिझेल कमी पडतंय. सपाटीला इंजिन थोड्या डिझेलवर चालतं, चढाला जास्त मागतं, म्हणून अर्धवट तुंबलेला डिझेल फिल्टर घाटातच उघडा पडतो. पावसाळ्यात फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी सोडत जा. नवा फिल्टर बसवला की हातपंपानं एअर पूर्ण काढा आणि स्वस्तातला नकली फिल्टर घेऊ नका, कारण त्यातून सुटलेला कचरा थेट पंपात आणि इंजेक्टरमध्ये जातो. गाडी थोडा वेळ उभी केल्यावर पुन्हा नीट ओढत असेल, तर टाकीचं झाकण उघडून बघा. हवा जोरानं आत ओढली गेली, तर हवा घ्यायचं भोक बुजलंय. झाकण ठीक असेल तर टाकीतली जाळी बघा.

सकाळी सुरू व्हायला त्रास, आयडलिंगला मिसिंग (एखादं सिलिंडर मध्येच न पेटणं), पांढरा धूर ही लक्षणं असतील तरच इंजेक्टरकडे वळा. तेव्हाही काढण्याआधी प्रत्येक इंजेक्टरचं रिटर्न (न वापरता टाकीकडे परत जाणारं डिझेल) मोजून घ्या. चारही बदलण्याचा खर्च यानं पुष्कळदा टळतो.

एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. जुन्या पंपाच्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून इंजेक्टरच्या पाईपचा नट सैल करायचे आणि कुठलं सिलिंडर मिस होतंय ते शोधायचे. कॉमन रेल गाडीवर (जिथं एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना मोठ्या दाबाचं डिझेल जातं) हे कधीही करू नका. भाराखाली त्या पाईपात हजार बारच्या वर दाब असतो. असल्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, बाहेर जखम टाचणीएवढी दिसते आणि आत डिझेल पसरलेलं असतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना हाय प्रेशर डिझेल लागलंय असं स्पष्ट सांगा.

इंजिनाचा दिवा लागून गाडी एका मर्यादेपुढं उठत नसेल आणि चावी बंद-चालू केल्यावर पुन्हा ठीक चालत असेल, तर ईसीयूनं (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरनं) स्वतःहून ताकद कमी केलेली असते. बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा घालवू नका. बऱ्याच गाड्यांत त्यामुळे बिघाडाचा नोंदलेला कोड पुसला जातो आणि मिस्त्रीच्या हाती काही उरत नाही. आधी हा कोड वाचणारा स्कॅनर लावा. २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांपैकी ज्यांना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे, त्या फक्त बाजारातल्या बाजारात फिरल्या तर फिल्टर काजळीनं भरतो. त्याचा दिवा लागला की निपाणीजवळच्या तवंदी घाटात गाडी दमेपर्यंत वाट बघू नका. हायवेवर एका वेगानं, गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तितका वेळ चालवा.

इंजिनात काहीच सापडलं नाही तर चाकं बघा. थोडं चालवून थांबा आणि हात न टेकवता, जवळ नेऊन चारही चाकांची धग बघा. एखादं जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून राहतोय, आणि चांगलं इंजिनही अशी गाडी चढाला ओढू शकत नाही.