अशोककुमार यांच्या कारकिर्दीवर तासाभराचे व्याख्यान कसे बांधावे

इंदुरात मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हिंदी चित्रपटावरचे व्याख्यान ठरले की बहुधा ते गाण्यांकडे वळते आणि नट मागे राहतो. अशोककुमारांच्या बाबतीत तर त्यांचे धाकटे बंधू किशोरकुमार इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेले, त्यामुळे गप्पा तिकडे सरकायला वेळ लागत नाही. म्हणून व्याख्यात्याने तयारीपूर्वीच आपला विषय एका वाक्यात लिहून ठेवावा: १९३६ पासून पुढे अशोककुमारांची पडद्यावर बोलण्या-वावरण्याची रीत कशी बदलत गेली. या वाक्यात न बसणारा मजकूर कितीही रंजक असला तरी बाजूला काढावा.

सुरुवात तारखांच्या तक्त्याने करावी. खांडवा आपल्याला जवळचे असल्याने अशोककुमारांचा जन्मही तिथलाच असे पुष्कळजण धरून चालतात; प्रत्यक्षात कुमुदलाल गांगुली (हे त्यांचे मूळ नाव) १३ ऑक्टोबर १९११ रोजी भागलपूरला जन्मले आणि वडील खांडव्यात वकिली करीत असल्याने ते गाव त्यांचे झाले. पुरस्कारांच्या सालांत अधिक काळजी घ्यावी, कारण पुरस्कार ज्या वर्षाच्या चित्रपटांसाठी असतो ते वर्ष आणि समारंभाचे वर्ष बहुतेक वेळा निराळे असते. ‘आशीर्वाद’साठी मिळालेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार १९६८ सालच्या चित्रपटांचा आहे, तर दादासाहेब फाळके पुरस्कार १९८८ सालचा, तक्त्यात या दोन्हींपुढे तसे स्पष्ट लिहावे.

बॉम्बे टॉकीज या चित्रपटसंस्थेच्या प्रयोगशाळेत काम करणारा हा तरुण नजमुल हसन यांच्या जागी ‘जीवन नैया’त नायक झाला, ही हकीकत दोन-तीन वाक्यांत आटोपावी. नायिका देविका राणी नजमुल हसन यांच्याबरोबर पळून गेल्याचा भाग श्रोते आवडीने ऐकतात, पण त्यातून अभिनयाविषयी काहीच कळत नाही.

खरा वेळ चित्रफितींच्या निवडीला द्यावा. ‘अछूत कन्या’ (१९३६) आणि ‘किस्मत’ (१९४३) यांतील प्रत्येकी एक संवादाचा प्रसंग लागोपाठ दाखवला तर निम्मे व्याख्यान आपोआप होते. पहिल्यात शब्द सुटे सुटे, घोकून म्हटल्यासारखे येतात, हात कुठे ठेवावेत याचा संकोच दिसतो. दुसऱ्यात तुरुंगातून सुटलेला पाकीटमार आवाज न चढवता, वाक्याच्या मध्येच थांबून, समोरच्याकडे सहज पाहत बोलतो. कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात ‘किस्मत’ तीन वर्षांहून अधिक काळ चालला, हे सांगावे, पण प्रसंग दाखवून झाल्यावर. आधी सांगितले तर श्रोते यशाकडे पाहतात, नटाकडे नाही.

या दोन चित्रपटांच्या मधली वर्षे मराठी श्रोत्यांसाठी विशेष मोलाची आहेत. ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) आणि ‘झूला’ (१९४१) या तिन्हींत नायिका लीला चिटणीस होत्या, आणि त्यांचे ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र मराठीतच असल्याने त्या काळाचे वर्णन प्रत्यक्ष सहभागी असलेल्या व्यक्तीकडून मिळते. सआदत हसन मंटो यांनी अशोककुमारांवर लिहिलेले व्यक्तिचित्रही वाचावे, मात्र मंटो हे कथाकार आहेत याचा विसर पडू देऊ नये. वृत्तपत्रांतील आठवणींना दुसरा आधार सापडेपर्यंत त्या वहीतच राहू द्याव्यात.

‘महल’ (१९४९) आला की लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा असल्याने सभागृह ‘आएगा आनेवाला’ची मागणी करणारच. गाणे अवश्य लावावे, पण त्या वेळी अशोककुमारांच्या चेहऱ्याकडे पाहायला सांगावे, कारण तिथे ते ऐकणाऱ्याची भूमिका करीत आहेत आणि न बोलता भय व ओढ दाखवणे हे काम सोपे नाही. किशोरकुमारांचा उल्लेख करायचाच झाल्यास ‘चलती का नाम गाडी’ (१९५८) घ्यावा. धाकटा भाऊ धुडगूस घालत असताना थोरला स्वतःला कसा आवरून धरतो, हे त्यात चांगले दिसते.

‘बंदिनी’ (१९६३) आणि ‘आशीर्वाद’ यांपैकी वेळेअभावी एकच निवडायचा असेल तर मी ‘बंदिनी’ निवडीन. ‘आशीर्वाद’मधील ‘रेलगाडी’ त्यांनी स्वतः गायले असल्याने ते लोकप्रिय आहे, परंतु वयाने आलेला थकवा आणि अपराधाची जाणीव ‘बंदिनी’त अधिक संयमाने व्यक्त होते. त्यानंतरच्या चरित्रभूमिका थोडक्यात सांगाव्यात आणि १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘हम लोग’ मालिकेच्या भागांअखेरीस प्रेक्षकांशी थेट बोलणारे अशोककुमार दाखवावेत.

चित्रफिती सहापेक्षा अधिक नसाव्यात आणि प्रत्येक तीन मिनिटांत संपावी. जुन्या प्रतींचा ध्वनी खरखरीत असतो, तेव्हा आदल्या दिवशी सभागृहात जाऊन शेवटच्या रांगेतून संवाद ऐकून पाहावा. जो प्रसंग तिथे समजत नाही तो वगळून त्याच चित्रपटातील दुसरा घ्यावा.