हरितलवकाच्या जीनोमवरून पिकांची नाती कशी शोधावीत? सुरुवात निपाणीच्या तंबाखूपासून

निपाणीच्या शिवारातली तंबाखू विज्ञानाच्या इतिहासातही मानाच्या जागी आहे. १९८६ साली जपानच्या नागोया विद्यापीठात मासाहिरो सुगिउरा यांच्या गटाने तंबाखूच्या हरितलवकाचा, म्हणजे क्लोरोप्लास्टचा, संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा अक्षरशः सगळा मजकूर, वाचला. सपुष्प वनस्पतींमधला हा पहिलाच. आज तो जेनबँक या डीएनए मजकुरांच्या सार्वजनिक संग्रहातून फुकट उतरवता येतो आणि शेजारच्या पिकांशी ताडून पाहता येतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

आधी आठ नावे ठरवा: तंबाखू, तिचे दोन रानटी नातलग निकोशियाना सिल्व्हेस्ट्रिस आणि निकोशियाना टोमेंटोसिफॉर्मिस, मग टोमॅटो, बटाटा, वांगे, मिरची आणि रताळे. रताळे मुद्दाम घ्यायचे. ते बाकी सातांच्या कुळाबाहेरचे असल्याने नात्यांच्या झाडाचे, म्हणजे शेवटी निघणाऱ्या वंशवृक्षाचे, मूळ कुठे धरायचे ते त्याच्यावरून ठरते. जेनबँकेतली मिरची संकेश्वरची नसेल, पण प्रजाती तीच, आणि या तुलनेला तेवढे पुरते.

शास्त्रीय नावापुढे ‘क्लोरोप्लास्ट कम्प्लीट जीनोम’ असे शोधा आणि फास्टा (डीएनएची अक्षरे साध्या मजकुरात असलेली) फाइल उतरवा. लांबी साधारण दीड लाख ते १ लाख ६२ हजार अक्षरे भरली पाहिजे. फारच कमी भरली तर तो तुकडा आहे, सोडून द्या.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि घाईत नेमकी हीच राहून जाते. हा जीनोम गोल असतो, त्यामुळे प्रत्येकाने तो हवा तिथून वाचायला घेतलेला असू शकतो. तंबाखूत त्याचे चार भाग आहेत: सुमारे ८७ हजार अक्षरांचा मोठा भाग, साडेअठरा हजारांचा छोटा भाग आणि त्यांच्या मधोमध सुमारे २५ हजारांची एकच मजकूर उलटसुलट लिहिलेली जोडी. ती ओळखायची असेल तर फाइल ब्लास्ट या डीएनए जुळवणाऱ्या साधनात स्वतःशीच जुळवा. उलट दिशेने जुळणारा लांब पट्टा म्हणजे ही जोडी. रताळ्यात तो ३० हजारांच्या वर जातो, कारण तिथे जोडीची हद्द छोट्या भागात सरकली आहे. मग तंबाखूची फाइल प्रमाण धरून बाकी साऱ्या मोठ्या भागाच्या आरंभापासून सुरू करा. छोटा भाग उलटा निघाला तर सुलटा करून घ्या. एकाच रोपात तो दोन्ही दिशांना आढळतो, त्यामुळे त्या फरकाला उत्क्रांती समजू नका. शेवटी जोडीतली एक प्रत काढून टाका, नाहीतर तोच पुरावा दोनदा मोजला जाईल.

आता गॅलॅक्सी या मोफत संकेतस्थळावर माफ्ट या साधनाने आठही फाइली जुळती अक्षरे एकाखाली एक येतील अशा लावा. निकाल डोळ्यांनी तपासा: लांबच लांब विस्कटलेला पट्टा दिसला तर मागची पायरी चुकली आहे. मग नात्यांचे झाड काढणारे आयक्यू-ट्री चालवा, अक्षरे कशी बदलतात याचे गणिती मॉडेल त्यालाच निवडू द्या, अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (फांद्यांचा भरवसा तपासणारी चाचणी) १००० ठेवा आणि बाह्यगट, म्हणजे कुळाबाहेरचा सोबती, म्हणून रताळे द्या. फांदीवर ९५ किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर ती भरवशाची.

टोमॅटो आणि बटाटा सख्खे शेजारी दिसतील, त्यांच्याजवळ वांगे, मग मिरची. तंबाखू मात्र सिल्व्हेस्ट्रिसला अगदी चिकटून बसेल आणि टोमेंटोसिफॉर्मिस जरा लांब राहील. इथे थांबून विचार करा. तंबाखू या दोघांच्या संकरातून झाली आहे, २४ गुणसूत्रे याची आणि २४ त्याची. पण तिच्यात हरितलवक आले ते आईकडूनच. त्यामुळे हे झाड फक्त आजोळ सांगते.

वडिलांकडची बाजू पाहायची तर केंद्रकातला आयटीएस हा छोटा तुकडा याच तिघांसाठी आणि बाह्यगट म्हणून टोमॅटोसाठी उतरवा आणि माफ्टपासूनची तीच कृती पुन्हा करा. या वेळी तंबाखू टोमेंटोसिफॉर्मिसच्या शेजारी जाऊन बसलेली दिसेल.