चटणीच्या पाकिटातली हवा

गेल्या मे महिन्यात आमच्या बचत गटाची जवसाच्या चटणीची 40 पाकिटं नागपूरच्या दुकानातून परत आली. तारीख संपायला अजून दीड महिना होता. मी एक फोडलं आणि नाकाशी धरलं. वास ओळखीचा होता, पण कशाचा ते आठवेना. ओसरीवर दार दुरुस्त करत बसलेल्या सुताराने सांगितलं, "बाई, हा तं अळशीच्या तेलाचा वास होय. दाराले लावतो ना मी, तोच."

त्याने नेमकं बोट ठेवलं. अळशी म्हणजे जवसच. जवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल असतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग अल्फा लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे एका ओमेगा-3 स्निग्धाम्लाचा. हे तेल हवेतला ऑक्सिजन भराभर ओढतं. म्हणून लाकडावर लावलं की ते वाळून घट्ट होतं, ऑइल पेंटमध्येही त्याच गुणासाठी वापरतात. दाराला जो गुण, तो चटणीला खोट. जवस अख्खं असतं तोवर टरफल तेलाला सांभाळतं. कुटलं की तेल उघडं पडतं, आणि आमच्याकडे भिवापूर-उमरेडच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की खवटपणाला पायच फुटतात.

चूक माझीच होती. पाकिटं साध्या पॉलिथिनची होती आणि आत मी सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या होत्या. सिलिका जेल ओलावा ओढतं, ऑक्सिजनला हातही लावत नाही. साधं पॉलिथिन पाण्याला अडवतं, हवेला मात्र हळूहळू वाट देतं. म्हणजे राखणदार बसवला तो चुकीच्या दारावर.

आता मी तीन थरांचा पाउच आणते: बाहेर पॉलिस्टर, मध्ये ॲल्युमिनियमची फॉइल, आत पॉलिथिन. दुकानदार चमकदार दिसेल ते सगळं फॉइल म्हणूनच विकतो. त्याच्यासमोरच पाउच पेटत्या बल्बवर धरायचा. बल्ब अंधूक दिसला तर ती नुसती चांदीसारखी मुलामा दिलेली फिल्म. तीही पॉलिथिनपेक्षा बरी, पण चार महिने टिकवायचं तर फॉइलच हवी. आणि फॉइलचा पाउच घडी घालून ठेवू नका, घडीवर बारीक भोकं पडतात.

जवस भाजून परातीत पसरायचं, हाताला गार लागेपर्यंत. कोमट भरलं तर आत घाम येतो. गार झालं की त्याच दिवशी कुटायचं आणि त्याच दिवशी भरायचं, "उद्या भरू" म्हणून रात्रभर उघडं ठेवायचं नाही. पितळी खलबत्ता मी माळ्यावर टाकला, कारण पितळेत तांबं असतं, आणि तांबं व लोखंड दोन्ही तेलाला लवकर खवट करतात. कुटायला दगडी उखळ किंवा स्टीलच्या भांड्याचा मिक्सर.

आता ऑक्सिजन ओढणारी पुडी. तिच्यात लोखंडाची पूड असते. विळ्याला गंज चढतो तशी ती आतल्या आत गंजते आणि गंजताना पाकिटातला ऑक्सिजन खाते. तेच लोखंड खलबत्त्यात असलं की चटणी बिघडवतं, बंद पुडीत असलं की वाचवतं! घेताना सांगायचं की कोरड्या पदार्थाची द्या, कारण काही पुड्यांना गंजायला पदार्थातला ओलावा लागतो आणि चटणीत तो नसतो.

किती मोठी पुडी लागेल? रिकामा पाउच पाण्याने भरून ते पाणी मापायचं. माझ्या पाउचमध्ये 450 मिली मावतं. चटणी 200 ग्रॅम. वजा केलं की अंदाजे 250 मिली हवा उरते. हवेत ऑक्सिजन 21 टक्के, म्हणजे साधारण 52 मिली. 50 ची, म्हणजे 50 मिली ऑक्सिजन ओढणारी, पुडी काठावर बसते, म्हणून मी 100 ची टाकते. सील करण्याआधी तळहाताने पाउच दाबून निघेल तेवढी हवा काढते, ते वेगळं.

घाई इथेच करायची. पुड्यांचं मोठं पाकीट फोडलं की त्या लगेच कामाला लागतात, हातात गरम लागतात. म्हणून आधी सगळे पाउच भरून ओळीत उभे करायचे, दुसरीने सीलर तापवून ठेवायचा, मग लागतील तेवढ्याच पुड्या काढायच्या. उरलेल्या तत्काळ घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. चिमटीत दगडासारखी लागली ती पुडी संपली, फेकून द्या. आणि पाकिटावर ठळक लिहा, "आतली पुडी खाऊ नये". माझ्या नणंदेच्या सासूबाई मीठ समजून वरणावर फोडायला निघाल्या होत्या.

सीलच्या जागी चटणीचा कण राहिला तर सगळी मेहनत पाण्यात. भरताना कागदाचं नरसाळं, मग कोरड्या फडक्याने आतली कड पुसून दोन पट्ट्या सील. लाइट गेली की थांबायचं, अर्धवट तापलेल्या सीलरवर भरवसा नाही. शंका आली तर पाउच बादलीत बुडवून दाबा, बुडबुडा दिसला की ते पाकीट घरच्या ताटात. दुसऱ्या दिवशी चांगला पाउच चटणीला चिकटून बसतो. तसाच सैल राहिला तर कुठेतरी गळती असू शकते. आधीपेक्षा फुगला तर आत काहीतरी आंबलंय, चाखूनही पाहू नका.

भिवापुरी मिरचीच्या तिखटालाही हेच पाउच. त्यात खवटपणाची भीती कमी, पण लाल रंग उडतो.

संत्र्याच्या स्क्वॅशची तऱ्हा वेगळी. रस मिक्सरमध्ये घुसळला की त्यात हवा मिसळते, बिया फुटून कडूही होतो. हाताच्या यंत्राने हळू पिळा. स्क्वॅश 85 अंशांपर्यंत तापवून गरम असतानाच, आधीच गरम करून घेतलेल्या काचेच्या बाटलीत भरा, वर बोटभर जागा ठेवा, बूच लावून दोन-तीन मिनिटं बाटली उलटी धरा. गार होताना आतली वाफ आटते आणि बूच आत ओढलं जातं. हवा राहिली तर केशरी रंग तपकिरी होतो, क जीवनसत्त्वही जातं. पाण्याच्या जुन्या प्लास्टिक बाटलीत गरम ओतू नका, ती आखडते.

एक गोष्ट मात्र कधीच हवाबंद करून बाहेर ठेवू नका: तेलातला ओला लसूण किंवा आंबटपणा नसलेली कुठलीही ओली चटणी. बोटुलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जंतू हवा नसली की वाढतो, आणि त्याच्या विषाला वास नसतो. तसली चटणी फ्रिजमध्ये, चार दिवसांत संपेल एवढीच.

माझी पाकिटं आता कवेलूच्या मधल्या खोलीत असतात, मातीच्या भिंतीशी, उन्हापासून लांब. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट मी मागे ठेवते आणि दर महिन्याला एक फोडून सुतारालाच वास घ्यायला लावते.